उष्णतेची वहिवाट

वऱ्हाडात जो संगणक-दुरुस्तीचा धंदा करतो त्याच्या वर्षाचे दोनच भाग पडतात. एक होळीपासून मृगापर्यंतचा आणि दुसरा उरलेल्या महिन्यांचा. पहिल्या भागात येणाऱ्या तक्रारींचे शब्द निरनिराळे असतात, म्हणजे कोणी मशीन आपोआप बंद पडते असे सांगतो, कोणी ते रेंगाळते म्हणतो, तर कोणाचे गाऱ्हाणे पंख्याच्या वाढलेल्या आवाजापुरतेच असते. पण त्यांपैकी बहुतेकांचे मूळ प्रोसेसरच्या माथ्यावर साचलेल्या उष्णतेत आहे, हे या धंद्यात पडल्यावर मला फार लवकर कळले. ती उष्णता तेथे का साचली, याचे उत्तर मात्र प्रोसेसरपाशी क्वचितच सापडते, हे उमगण्यास बरीच वर्षे जावी लागली.

अमरावतीस दुकान आणि अकोल्यास दर आठवड्याची फेरी, हा माझा शिरस्ता विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस सुरू झाला. त्या काळी कंपनीचा तयार संगणक घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा नागपुराहून सुटे भाग मागवून जुळवलेले, ज्यांना आम्ही ‘असेंबल्ड’ म्हणतो ते संगणकच घरोघर आणि कचेरी-कचेरीत गेले. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी, लग्नपत्रिका जुळवणारे डीटीपीवाले, फोटो स्टुडिओ, अडत्यांची दुकाने आणि जिनिंगच्या पेढ्या ही माझी गिऱ्हाइके. असेंबल्ड यंत्राचा गुण असा की त्याचा प्रत्येक भाग बदलता येतो. आणि दोष असा की ते तापले तर त्याची जबाबदारी घेणारा कोणी नसतो, कारण प्रोसेसर एकाचा, कॅबिनेट दुसऱ्याचे, पंखा तिसऱ्याचा आणि खोली मालकाची.

यंत्र थंड ठेवण्याच्या शास्त्राचा गाभा थोडक्यात सांगतो. प्रोसेसर जेवढी वीज खातो तेवढी सर्वच्या सर्व अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडते. १९७१ साली निघालेल्या इंटेल ४००४ या आद्य मायक्रोप्रोसेसरचे काम एखाद्या वॅटवर भागत असे, आणि २००४ च्या सुमारास पेंटियम ४ च्या काही आवृत्त्यांनी शंभर वॅटची मर्यादा ओलांडली. एवढी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीतून बाहेर काढावयाची, म्हणजे तिला चकतीपासून तिच्यावर फासलेल्या पेस्टमध्ये, पेस्टमधून हीटसिंकच्या तांब्यात किंवा ॲल्युमिनियममध्ये, तेथून पंख्याच्या वाऱ्यात, वाऱ्यातून कॅबिनेटबाहेर आणि खोलीतून अंगणात, अशी अखंड वहिवाट मिळाली पाहिजे. यांतील कोणत्याही एका टप्प्यावर अडथळा आला की मागचे सारे टप्पे तुंबतात. शिवाय साधा हीटसिंक कितीही उंची असला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जे यंत्र कामाच्या भरात हवेपेक्षा चाळीस अंश वर राहते ते पौषातल्या १८ अंशांच्या खोलीत ५८ वर असते आणि वैशाखातल्या ४२ अंशांच्या खोलीत तेच ८२ वर जाते. त्यात धुळीचे पंधरा अंश मिळवले की अनेक प्रोसेसरांची शंभराच्या आसपासची अंतिम मर्यादा हाकेच्या अंतरावर येते. पुण्या-मुंबईच्या पुस्तकी सल्ल्यांत खोली २५ अंशांची धरलेली असते. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेपायी अकोला जिल्ह्यात कलम १४४ चा हुकूम काढण्याची पाळी आली, त्या मुलखाला ते सल्ले कसे लागू पडावेत?

जुन्या आणि नव्या प्रोसेसरांच्या स्वभावातही महदंतर आहे. २००० सालच्या सुमाराच्या ॲथलॉन जातीच्या प्रोसेसरांना स्वतःचा बचाव करण्याची सोय नव्हती. हीटसिंक निसटला तर ते काही क्षणांत कायमचे निकामी होत, आणि दुरुस्तीचा प्रश्नच मिटत असे. त्याच काळातला पेंटियम ४ तापला की आपली गती आपणच कमी करून जीव वाचवी. पुढे हे संरक्षण सर्वच प्रोसेसरांत आले, ही गोष्ट निःसंशय चांगली. पण त्यामुळे तक्रारीचा चेहरा बदलला. ‘तापते’ असे सांगत येणारी माणसे कमी झाली आणि ‘भाऊ, मशीन लय स्लो चालून राह्यली, विंडोज मारून द्या’ असे सांगणारी वाढली. विंडोज नव्याने टाकली की यंत्र दुकानातल्या गारव्यात दोन दिवस चांगले चालते आणि घरी गेल्यावर पुन्हा रेंगाळते. अशा कामांवर आमच्यापैकी कित्येकांचे उन्हाळे निघाले आहेत, ही वस्तुस्थिती लपवण्यात अर्थ नाही.

दुकानात चांगले आणि घरी वाईट, या प्रकारातले एक उदाहरण माझ्या मनात ठसून राहिले आहे. बडनेरा रस्त्याकडे खोली घेऊन राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचे यंत्र होते. मूळचा मूर्तिजापूर तालुक्यातला मुलगा, आणि त्या तालुक्यातील मुरंबा या गावी जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, याचा त्याला यथायोग्य अभिमान. ‘आमच्या तालुक्यातल्या माणसानं सुपरकॉम्प्युटर बनवला, अन् आमचं मशीन एवढ्याशा गेमनं बंद पडून राह्यलं,’ असे तो निम्मे हसत, निम्मे रडकुंडीस येऊन म्हणाला. त्या पिढीतल्या प्रोसेसरच्या कूलरचे, म्हणजे पंखा बसवलेल्या हीटसिंकचे, चारही पाय प्लास्टिकच्या खुंट्यांचे असत. त्या मदरबोर्डच्या छिद्रांत दाबून बसवावयाच्या, आणि दाबल्यावर प्रत्येकीचा ‘टक’ असा आवाज आला तरच ती बसली असे समजावयाचे. दुकानाच्या टेबलावर मदरबोर्ड आडवा असतो, त्यामुळे हीटसिंक स्वतःच्या वजनाने प्रोसेसरवर टेकून राहतो. कॅबिनेट उभे करून स्कूटरच्या पायदाणीवरून, त्या रस्त्याने, घरापर्यंत नेले की अर्धवट बसलेली खुंटी सुटते आणि हीटसिंक एका अंगाला झुकतो.

तो वर उचलल्यावर करड्या पेस्टवर जो ठसा दिसला तो मी पुढे अनेक शिकाऊ मुलांना दाखवला आहे. एका बाजूस पेस्ट दाबून इतकी पातळ झाली होती की खालचा धातू चमकत होता. मध्याकडे ती पुसट होत गेली होती. आणि समोरच्या कोपऱ्यात ती ट्यूबमधून पडली तशीच जाड, मऊ आणि अस्पर्श राहिली होती. अर्धा प्रोसेसर हीटसिंकला लागला होता आणि अर्ध्यावर हवेचा पापुद्रा होता, आणि हवेइतकी उष्णतेची वाट अडवणारी वस्तू यंत्रात दुसरी नाही. तेव्हापासून खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबावयाच्या, मदरबोर्ड पालथा करून चारही पांढरी टोके पाठीमागे फाकलेली आहेत की नाहीत हे पाहावयाचे आणि मगच कॅबिनेट बंद करावयाचे, असा दंडक दुकानात पडला. नवी पेस्ट लावण्यापेक्षा जुन्या पेस्टचा ठसा वाचणे अधिक महत्त्वाचे आहे. दुर्दैवाने बहुतेक कारागीर तो ठसा पहिल्याच फडक्याने पुसून टाकतात.

कापसाविषयी लिहिल्याशिवाय वऱ्हाडातील कोणतेही अनुभवकथन पुरे होत नाही, आणि या विषयात तर कापूस थेट प्रतिवादी म्हणूनच उभा राहतो. अकोट रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या पेढीत हिशेबाचे यंत्र दर एप्रिलात बंद पडे. झाकण उघडून पाहणारास पंखा फिरताना दिसे, पाती स्वच्छ पुसलेली असत, आणि म्हणून दोष प्रोसेसरवर ठेवून तो बदलण्याची शिफारस झालेली असे. चार स्क्रू काढून पंखा हीटसिंकवरून वेगळा केला तेव्हा खरा प्रकार उघड झाला. पात्यांच्या खाली, हीटसिंकच्या पट्ट्यांच्या तोंडावर, रुईच्या अतिसूक्ष्म तंतूंचा आणि धुळीचा एक सलग थर बसला होता, आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या दमट हवेने तो घट्ट होऊन घोंगडीचा तुकडा कापून ठेवावा तसा अखंड निघाला. पंखा फिरत होता, वारा मात्र खाली उतरत नव्हता. येथे कार्य आणि कारण यांमध्ये चार-पाच महिन्यांचे अंतर होते; दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम चालू असताना हवेत तरंगणारी रुई त्या पट्ट्यांत साठत गेली, पण थंडीत खोलीच गार असल्यामुळे यंत्राने ते सहन केले, आणि हंगाम संपून, पेढी झाडून-पुसून स्वच्छ झाल्यावर, जेव्हा कोणाच्याही मनात कापूस नव्हता तेव्हा, उन्हाने ते कर्ज वसूल केले. बिघाड ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी तो सुरू झालेला नसतो, ही गोष्ट मी त्या पेढीत शिकलो, आणि ‘काल काय झाले’ याऐवजी ‘हिवाळ्यात येथे काय चालते’ असे विचारू लागलो.

खोलीतल्या कूलरची कथा याहून गुंतागुंतीची आहे. कोरड्या हवेत पाणी उडते आणि उडताना उष्णता शोषून घेते, या तत्त्वावर चालणारा डेझर्ट कूलर वऱ्हाडाला वरदान आहे. चैत्र-वैशाखातली हवा तो दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो, आणि मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की निरुपयोगी होतो. साहजिकच पुष्कळ लोक कॅबिनेटची बाजू उघडी टाकून ती थेट कूलरच्या झोतासमोर ठेवतात, आणि तापमान खरोखरच उतरते. पण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, ज्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूची गावे मोडतात, तेथल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी इतके खारे की कूलरच्या ताट्या एका हंगामात पांढऱ्या पडतात. दर्यापूरकडच्या एका स्टुडिओतल्या यंत्राच्या आत तीच पांढरी पूड रॅमच्या खाचांत आणि पॉवरच्या जोडांवर बसली होती, आणि काही ठिकाणी हिरवट गंजही चढला होता. प्रोसेसर थंड होता; मदरबोर्ड मात्र गेला होता. मालकाला ते पटवणे कठीण गेले, कारण ‘गरम होतं म्हणूनच तर कूलरपुढं ठेवलं’ हा त्याचा युक्तिवाद स्वतःपुरता निर्दोष होता. खोली थंड ठेवावी, यंत्राला झोत देऊ नये, एवढाच निवाडा मी देऊ शकलो.

माझ्या कामाच्या पद्धतीत खरा पालट ज्या गिऱ्हाइकामुळे झाला ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ होते. अकोल्यात जठारपेठेच्या बाजूस त्यांचे घर. मुलगा नोकरीवर जाताना ठेवून गेलेल्या असेंबल्ड यंत्रावर ते निवृत्तिवेतनधारकांचे अर्ज टंकित करून देत आणि त्याबद्दल चहाखेरीज काही घेत नसत. यंत्र मधूनच बंद पडत होते. माझ्यापूर्वी दोघांनी पेस्ट, पंखा आणि एसएमपीएस बदलून पाहिले होते. मी पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच त्यांनी एक लांबट वही पुढे केली. तिच्यात पट्टीने रकाने आखलेले होते: तारीख, वेळ, चालू काम, वीज, कूलर, शेरा. एक नोंद अशी होती, ‘सायंकाळी ६.२०. अर्ज टंकित करीत असता यंत्र बंद. वीज चालू. कूलर रिकामा. डासांमुळे खिडक्या लावलेल्या.’

कचेरीतला रोजनामचा घरच्या यंत्रालाही लावणारे ते पहिलेच गृहस्थ मी पाहत होतो. वही चाळताच ध्यानात आले की ज्या वेळी यंत्र बंद पडावे असे कोणीही म्हणेल त्या दुपारी दोन-तीनच्या सुमारास ते एकदाही बंद पडलेले नव्हते. साऱ्या नोंदी तिन्हीसांजेच्या होत्या. मग एकेक दुवा जुळत गेला. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून येणारे पाणी उन्हाळ्यात काही दिवसांच्या अंतराने मिळते, म्हणून कूलरची टाकी सकाळी एकदाच भरली जाई आणि पाचच्या सुमारास संपे. दिवसभर तापलेली गच्ची आणि पश्चिमेची भिंत ऊन उतरल्यावर खोलीत उष्णता सोडू लागत. नेमक्या त्याच वेळी डास येत, म्हणून खिडक्या बंद होत. आणि यंत्र होते त्या पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या संगणक-टेबलाच्या बंद कप्प्यात, जेथे ते आपलीच गरम हवा पुनःपुन्हा आत ओढत बसे. मी कप्प्याची मागची प्लायवूडची फळी काढली, दार बिजागरीतून सोडवले, टेबल पूर्वेच्या भिंतीशी नेले, आणि माझे काम संपले. फक्त फेरीचे पैसे घेतले, तेव्हा त्यांनी पावती मागितली आणि तिच्यावर ‘सुटे भाग : निरंक’ असे स्पष्ट लिहून घेतले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी आपण होऊन चौकशीस गेलो. वहीचे नवे पान कोरे होते.

तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी नोंदी ठेवावयास सांगतो; तरुण मुले त्या मोबाइलमध्ये ठेवतात, हरकत नाही. अमरावतीच्या एका मुलाच्या अशाच नोंदीत एक विलक्षण वाक्य सापडले. कोणतेही काम चालू नसताना पंखा जोराने ओरडतो, पण कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर खातो हे पाहण्यास टास्क मॅनेजर उघडला की शांत होतो, असे त्याने लिहिले होते. २०१७-१८ चा तो काळ, आभासी चलनाचा बोलबाला झालेला. फुकटात उतरवलेल्या एका खेळाबरोबर दुसऱ्याच कोणासाठी असे चलन उकरणारा छुपा प्रोग्रॅम यंत्रात शिरला होता आणि टास्क मॅनेजरची चाहूल लागताच तो दडून बसत असे. त्या यंत्रावर पेस्ट, पंखा, कूलर यांचा कितीही खर्च केला असता तरी तो व्यर्थ होता. त्याच्या वडिलांना मात्र पंखा शांत होण्यापेक्षा विजेच्या बिलाचा खुलासा झाल्याचे समाधान अधिक वाटले.

टाळेबंदीच्या काळात घरोघरची यंत्रे शाळेसाठी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू लागली. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा तर दुकान बंद आणि फोन अखंड चालू अशी अवस्था होती. फोनवरून लोकांना प्रोसेसरचा कूलर काढावयास शिकवताना एकच ताकीद मी आवर्जून देई. ज्या रायझन प्रोसेसरांच्या पिना त्यांच्या पोटाशी असतात, त्यांवरची वाळलेली पेस्ट इतकी चिकटते की कूलर सरळ ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून यंत्र आधी थोडा वेळ चालवून गरम करावे, मग बंद करून, वीज काढून, कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. उष्णतेने बिघडलेल्या यंत्राच्या दुरुस्तीची सुरुवात ते गरम करण्यापासून होते, याचे पुष्कळांना हसू येई.

अलीकडे तक्रारींना नवेच वळण लागले आहे. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा सतत दाखवणारे प्रोग्रॅम आले आणि माणसे यंत्राऐवजी आकडा वापरू लागली. २०२२ मध्ये निघालेले काही रायझन प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच रचलेले आहेत; तेथे ९५ पाहून रात्री अकराला फोन करण्याचे प्रयोजन नाही. यंत्र काम करीत असेल, रेंगाळत नसेल आणि बंद पडत नसेल, तर मी आकड्याकडे पाहत नाही. रंगीबेरंगी दिव्यांच्या, समोरून सबंध काच लावलेल्या कॅबिनेटांविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे. हवा जेथून आत यावयाची तेथेच काच बसवून मग आत सहा पंखे लावणे, हा दरवाजा भिंतीने बुजवून घरात पाहुण्यांची वाट पाहण्याचा प्रकार वऱ्हाडात तरी परवडणारा नाही. प्रोसेसरसाठीच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरांचेही मला फारसे कौतुक नाही. ते उष्णता रेडिएटरपर्यंत नेतात, पण रेडिएटर ती त्याच ४२ अंशांच्या खोलीत सोडतो. वर पंप बंद पडला तर येथे तो बदलून मिळण्यास आठवडा जातो, आणि साध्या हीटसिंकचा पंखा मात्र गांधी चौकात संध्याकाळपर्यंत मिळतो.

या धंद्यात मिळकतीच्या दृष्टीने एक अडचण कायम राहिली. ‘पेस्टच तर लावली, त्याचे एवढे पैसे काहून?’ हा प्रश्न मी उमेदीच्या काळात ऐकला आणि आजही ऐकतो. भाग बदलला तर लोक निमूट पैसे देतात. फळी काढली, टेबल हलवले, खिडकी उघडी ठेवावयास सांगितले, तर त्यास काम म्हणत नाहीत. म्हणून कित्येक कारागीर गरज नसता भाग बदलतात, आणि त्यांना सर्वस्वी दोषही देता येत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी असे जुळवलेले यंत्र आहे त्यांना विनंती एवढीच की होळीच्या आत एकदा त्याची वीज काढून बाजूचे झाकण उघडा आणि पंखा हीटसिंकपासून वेगळा करून खालच्या पट्ट्या पाहा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाही तर ती उलटसुलट भिरभिरून पंख्याचे बेअरिंग जाते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्याच्या हवेतून पाण्याचे थेंब येतात. आणि इतके करूनही यंत्र बंद पडलेच, तर दुरुस्तीवाल्याला फोन करण्यापूर्वी आठ दिवस ते कोणत्या वेळी बंद पडते, त्या वेळी कूलर चालू होता की नाही आणि खिडक्या उघड्या होत्या की लावलेल्या, हे कागदावर लिहून ठेवा.